बदकी अडली तो दिवस

त्या रविवारी बदकी ओरडली नाही, म्हणून मला उशिरापर्यंत झोप लागली. एरवी उजाडलं की जिन्याखालच्या आपल्या लाकडी खोक्यातून ती असा काही कल्ला करायची की अंथरुणात पडून राहणं शक्यच नसायचं. संक्रांत नुकतीच होऊन गेली होती. धाम नदीवरून येणारा गारठा पवनारच्या आमच्या घरात फरशीतून वर चढत होता. मी शाल गुंडाळून मागच्या दारी गेले तेव्हा आठ वाजत आले होते.

खोक्याचं दार उघडलं, तर बदकी आत उभी होती. पण तिचं ते उभं राहणं मला बरोबर वाटलं नाही. बदक आडवं असतं, नावेसारखं. ही ताठ उभी झाली होती. शेपटी खाली टेकलेली, छाती वर, पाय फाकलेले, आणि पिसं फुगवून दुप्पट झालेली. मी भिजवलेल्या तांदळाची वाटी पुढे केली. तिने मान वळवली. मग तिची शेपटी वर-खाली हलू लागली, सगळं अंग आवळलं गेलं, चोच जराशी उघडली, आणि काहीच झालं नाही. थोड्या वेळाने पुन्हा तसंच.

बदकी हे काही तिचं नाव नाही. नाव ठेवायचं राहूनच गेलं. दोन वर्षांपूर्वी आठवडी बाजारात एक माणूस टोपलीत पिवळी पिल्लं घेऊन बसला होता. मी भाजी आणायला गेले होते आणि दोन पिल्लं घेऊन आले. एक आठव्या दिवशी मेलं. दुसरं वाढलं, पांढरंशुभ्र झालं, नारिंगी चोचीचं आणि दणदणीत आवाजाचं. बदकांमध्ये मोठा आवाज मादीचा असतो, नर नुसता घोगरा बोलतो. वर्ध्याच्या शाळेत पंचवीस वर्षं विज्ञान शिकवणाऱ्या मला ही गोष्ट तिने शिकवली.

घरात आम्ही दोघीच. मी आणि माझी माय. मी बावन्न वर्षांची, लग्न केलं नाही. माय अठ्ठ्याहत्तरची. बदकीशी तिचं पटायचं नाही. अंगणात, ओट्यावर, कधी डोळा चुकवून थेट स्वयंपाकघरात बदकी घाण करून ठेवायची, आणि माय दारावर काठी आपटत म्हणायची, "लोक कुत्रं पाळतेत, मांजर पाळतेत. हे काय पाळलं वं तू?"

माय सरकारी नर्स होती. हिंगणघाट तालुक्यात, वडनेरच्या आसपासच्या खेड्यांत तिची सगळी नोकरी गेली. लोक तिला नर्सबाई म्हणायचे. तीसेक वर्षं तिने बाळंतपणं केली. मी तिची एकुलती एक, आणि मी तिला ते काम करताना एकदाही पाहिलं नव्हतं. पाहायचंही नव्हतं. मी शाळेत जायच्या वेळी वेण्या घालायला ती घरी नसायची. वडील घालायचे, एक वेणी वर, एक खाली. एकदा स्नेहसंमेलनात मी नाचात होते. नाचताना माझं सगळं लक्ष दाराकडे होतं, आणि ती आली नाही, कारण कुठल्याशा वस्तीत कोणीतरी अडली होती. 'अडली' हा शब्द मी फार लहानपणी शिकले, आणि त्याच्यावर रागवायलाही तेव्हाच शिकले.

जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. तरुण आहेत, सभ्य आहेत, पण त्या दिवशी आपल्या बहिणीकडे आष्टीला गेले होते. बदकी कशी उभी आहे, ते मी सांगितलं. दिवाळीपासून अंडी देत होती, गेले तीन दिवस दिलं नाही, हेही सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, अंडं अडकलं असंल. कोमट पाण्यात बसवा, पोट बुडेल एवढ्या. अर्धा तास. कॅल्शियमचं पातळ औषध आणा, थेंब थेंब द्या. मागच्या बाजूनं थोडं तेल लावा. पण दाबू नका. आत फुटलं तर मग कठीण आहे. मी उद्या सकाळी पोहोचतोच."

"आजचा दिवस काढेल ना ती?"

"काढायला पाहिजे," ते म्हणाले. त्यांच्या आवाजावरून कळलं की खात्री त्यांनाही नव्हती.

माय समोरच्या खोलीत दिवाणावर बसून सांभार, म्हणजे कोथिंबीर, निवडत होती. टीव्ही सुरू होता. मी तिच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "माय, बदकी अडली."

तिने मान वर केली नाही. "मंग? कोंबड्या-बदकायचं मले काय समजते? मी माणसायच्या बाया पाह्यल्या."

मी गॅसवर मोठा गंज ठेवला, पाणी तापवलं, न्हाणीत कपडे धुवायचा टप ठेवून त्यात ओतलं, वरून थंड पाण्याचा नळ सोडला. बदकीला उचलून आणलं. हातात ती गरम लागत होती आणि आतून थरथरत होती. टपात ठेवल्याबरोबर तिने पंख झाडले. पाणी भिंतीवर, माझ्या चष्म्यावर, छतापर्यंत. मी तिला दोन्ही हातांनी खाली धरलं, ती ओरडली, मी "शांत हो, शांत हो" असं तिच्यापेक्षा मोठ्याने ओरडले.

"काय करून राह्यली तू?"

माय न्हाणीच्या दारात उभी होती. गुडघ्यांमुळे ती दिवाणावरून विनाकारण उठत नाही.

"शेकून राह्यली. डॉक्टरनं सांगतलं."

"असं? तिकडं टीव्हीवर गाणे, इकडं नळ सुरू, अन तू तिच्या डोक्यावर उभी. तुह्या डोक्यावर कोणी असं उभं राह्यलं तं तुले बाळंत होता येईन का?"

मी नळ बंद केला. मायने क्षणभर बदकीकडे पाहिलं. बदकीची शेपटी पुन्हा हलली, अंग आवळलं, आणि सुटलं. मायचा चेहरा बदलला. कसा, ते मला नीट सांगता येणार नाही. कपाळावरची नेहमीची आठी गेली, एवढं मात्र मी पाहिलं.

"सरक," ती म्हणाली.

तिने पाट मागितला. टीव्ही बंद करायला लावला. खिडकीवर चादर टाकायला लावली, पण पूर्ण अंधार नको, थोडा उजेड राहू दे म्हणाली. तिची दोन जुनी मऊ लुगडी मागितली. मग मनगटातलं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं आणि साबणाने हात धुवायला लागली. मी तिला रोज हात धुताना पाहते. पण हे वेगळंच होतं. कोपरापर्यंत, मग बोटांच्या बेचक्या, मग एकेक नख दुसऱ्या हाताच्या तळव्यावर घासून, मग पुन्हा कोपरापर्यंत. घाई अजिबात नाही. तिची नखं नेहमी बारीक कापलेली का असतात, हा प्रश्न मला आयुष्यात पहिल्यांदा पडला आणि लगेच सुटलाही.

तिने पाण्यात कोपर बुडवून पाहिलं. "गरम आहे. थंड टाक. आणखीन. बस." एका लुगड्याची घडी टपाच्या तळाशी अंथरली, बदकीच्या पायांना धरायला काही मिळावं म्हणून. मग बदकीला तिच्या कलाने, सावकाश, आधी पाय टेकवत आत उतरवलं. बदकीने पंख झाडले नाहीत. मायने एक हात तिच्या पाठीवर ठेवला, दुसरा पाण्याखालून पोटाशी नेला, आणि डोळे मिटून घेतले.

मी भिंतीला टेकून उभी होते. न्हाणीत फक्त नळातून थेंब गळायचा तेवढा आवाज येत होता.

"आहे," माय डोळे न उघडता म्हणाली. "मोठं आहे. सरळ आहे पण, आडवं नाई. हे बरं आहे." मग जरा वेळाने, "थकली ही. लय वेळची जोर लावून राह्यली." आणि मग माझ्याकडे पाहून, अगदी हुकमी आवाजात, "ते कॅल्शियम आण. बिनसुईची सिरिंज आण. जाय."

हायवेवरचं औषधाचं दुकान रविवारीही उघडं असतं. मी स्कूटरवर गेले आणि दहा-पंधरा मिनिटांत परत आले. चपला काढून आत येत होते तेव्हा न्हाणीतून आवाज आला आणि मी तिथेच थांबले.

"नोको बाई, आत्ताच जोर नोको लावू. वेळ आहे. घे, श्वास घे. मी आहो ना इथं. कुठं जात नाई मी."

तो मायचाच आवाज होता, आणि तो मी कधीच ऐकला नव्हता. घरात माय तुटक बोलते. जेवली का, दिवा बंद कर, उशीर काऊन झाला. माझ्या तापात, माझ्या परीक्षांत, वडील गेले त्या दिवशीसुद्धा तिचा आवाज तसाच होता. आणि हा आवाज त्या खोलीत कोमट पाण्यासारखा पसरला होता. मी ओळखीच्या घरात अनोळखी खोली सापडल्यासारखी दाराशी उभी राहिले. असा आवाज तिच्यात होता. तीस वर्षं तो कुठल्या कुठल्या बायांनी ऐकला होता.

औषध कसं द्यायचं, तेही तिने दाखवलं. चोचीच्या कडेला एक थेंब, मग थांबायचं, गिळू द्यायचं, मग दुसरा. "तोंडात कोंबलं तं श्वासात जाते. लेकराले पाजतेत तसं पाज." मी पाजलं. बदकीच्या डोळ्यावरून मधेच एक पांढरट पातळ पडदा आडवा सरकायचा आणि परत जायचा. तो पडदा मी मुलांना चित्रात दाखवला होता. तिच्या पाठीवर पडलेलं पाणी मोत्यांसारखे गोळे होऊन घरंगळत होतं. पिसं खाली कोरडीच्या कोरडी. मरणाच्या इतकी जवळ असूनही तिच्या अंगाचं हे रोजचं काम चालूच होतं, हे पाहून मला उगाच गहिवरून आलं.

अर्ध्या तासाने तिला बाहेर काढलं, पुसलं, तेल लावलं, आणि दुसऱ्या, कोरड्या लुगड्यात गुंडाळून न्हाणीतच कोरड्या बाजूला, मायच्या मांडीशी चटईवर ठेवलं. माय भिंतीला टेकून पाय लांब करून बसली.

"आता?"

"आता काही नाई. थांबाचं."

"किती वेळ?"

"ते तिले माहीत."

आम्ही थांबलो. मी थांबणारी बाई नाही. शाळेत तास पस्तीस मिनिटांचा असतो आणि त्यात धडा बसवायचा असतो. मी तीनदा फोन पाहिला, त्यात बदकांच्या अडलेल्या अंड्यांविषयी वाचलं, एकदा चहा ठेवला आणि उतू घालवला. माय हललीसुद्धा नाही. तिचा हात लुगड्यावर होता, नुसता ठेवलेला. बदकीची कळ आली की तिची बोटं जराशी उघडायची, गेली की मिटायची.

"तुले कंटाळा नाई येत?" मी विचारलं.

"कशाचा? एकेका बाईजवळ मी दोन-दोन दिवस बसली आहो." मग ती स्वतःहून बोलायला लागली, हे आमच्या घरात क्वचित होतं. "त्या टायमाले आपल्याले कोणी घरात नाई घे. माह्या बापानं नागपूरले जाऊन दीक्षा घेतली, मी शिकली, सरकारी नोकरी लागली, तरी ओट्यावरच बसवत. पण पोरगी अडली का सासू स्वतः हात धरून आत नेई, थेट चुलीपाशी. अन बारशाले गेली का मी पुन्हा ओट्यावर."

"राग नाई आला कधी?"

"त्या पोरीचं डोकं माह्या मांडीवर असाचं. तिच्यावर कशाचा राग?" ती म्हणाली. "राग घरी येत होता. तुह्या बापावर निघे, तुह्यावर निघे."

हे ती अगदी सरळ बोलली. मी बदकीच्या अंगावरचं लुगडं उगाच नीट केलं.

"सगळ्या वाचल्या?" मी विचारलं.

"नाई." तिने बदकीकडे पाहिलं. "सगळ्याच नाई वाचल्या. हीही वाचंनच असं नाई. तू मनाची तयारी ठेव."

दुपारी एकच्या सुमारास दुसऱ्यांदा शेक दिला. अंडं थोडं खाली आलं होतं, असं माय म्हणाली. मग पुन्हा चटई, पुन्हा थांबणं. मी तिच्यासाठी भाकरी आणि वांग्याची भाजी ताटात घेऊन आले. तिने डाव्या हाताने ताट धरून तिथेच खाल्लं, उजवा हात धुवून पुन्हा लुगड्यावर ठेवला.

"माह्या वेळी कोण होतं?" मी विचारलं. विचारायचं म्हणून ठरवलं नव्हतं.

"तुह्या वेळी मी ड्यूटीवरच होती. आठ दिवस बाकी होते अजून. सकाळी एका बाईचं केलं, पोरगा झाला तिले. पाय धुता धुता मलेच कळा सुरू झाल्या. केंद्रात म्हातारी दाई होती तेवढी. तिले धड दिसे नाई. मी पडल्या पडल्या तिले सांगत होती, हात कुठं ठेव, आता थांब, आता धर. मी सांगे अन ती करे. नाळ मीच बांधली."

"तू? स्वतः?"

"मंग कोण? हात रिकामे होते ना माहे."

दहावीला दरवर्षी मी फळ्यावर गर्भाशयाची आकृती काढते, खडूने नावं लिहिते, मुली खाली मान घालतात, मुलं खुसखुसतात. आणि ही बाई स्वतःच्या कळांमधून दुसरीला सूचना देत होती आणि शेवटी उठून माझी नाळ बांधत होती. त्याच दिवशी सकाळी दुसऱ्या कोणाची बांधून.

"मले काऊन नाई सांगतलं कधी?"

"तू कधी इचारलंच नाई," माय म्हणाली. त्यात तक्रार नव्हती.

तीन वाजता बदकी गळाली. मान लुगड्यावर टाकली, डोळे अर्धे मिटले, कळा येणं थांबलं. मला वाटलं, संपलं. मी रडायला लागले. फोनवर वाचलेलं सगळं एकदम डोक्यात आलं. मी म्हटलं, "माय, दाबून पाहू. हळूच. नाईतर अंडं आतल्या आत फोडून तुकडे काढाचे, लिहिलं आहे त्याच्यात." आणि मी हात पुढे केला.

"हात मागं घे."

मी थांबले.

"फुटलं तं टरफल तिले आतून कापन. मंग काही हातात नाई राहात." तिचा आवाज वर चढला नव्हता. "थकली ती. झोपू दे जरा. कळा थांबल्या म्हणजे मेली असं नाई. बायाही झोपतेत मधातच. लोक घाबरतेत अन तिथंच घात करतेत. बस खाली."

मी बसले. तिने माझा हात धरला, तिच्या हाताखाली आणला, आणि बदकीच्या पोटाखाली, दोन पायांच्या मधे ठेवला. "इथं. दाबू नोको. नुसता ठेव."

पिसांच्या खाली कातडी इतकी पातळ आणि गरम होती की मला दचकायला झालं. आणि तिच्या आत ते होतं. टणक, गोल, जिवंत अंगाच्या मऊपणात एक घट्ट गोष्ट. अंडं मी हजारदा हातात धरलं आहे. पण आत असलेलं, अजून बदकीचंच असलेलं अंडं मी पहिल्यांदा धरत होते. त्याच्या भोवती काहीतरी सतत धडधडत होतं, इतक्या वेगाने की ठोके वेगळे करता येत नव्हते. माझी बोटं, वर मायची बोटं. तिची कातडी कागदासारखी झाली आहे, शिरा वर आल्या आहेत, पण हात जड नव्हता. त्या हाताला वजनच नव्हतं. मला एकदम कळलं की इतका हलका हात ठेवायला शिकण्यातच तिचं सगळं आयुष्य गेलं असणार.

किती वेळ गेला माहीत नाही. मग माझ्या हाताखाली ते हललं. आधी आवळलं, चारही बाजूंनी, आणि मग टणक गोळा एक बोटभर मागे सरकला.

"आलं ध्यानात?" माय हळूच म्हणाली.

मी नुसती मान हलवली. बदकीने डोळे उघडले होते. ती पायांवर उठली. तिसऱ्यांदा तिला पाण्यात ठेवायचं ठरवलं होतं, पण माय म्हणाली, आता नको, आता तिला तिचं करू दे. तिने माझा हात बाजूला केला, आपला तळवा बदकीच्या शेपटीखाली धरला, टेकू दिल्यासारखा, ओढायला नव्हे, आणि तोच आवाज पुन्हा सुरू झाला.

"हां बाई. आता. आता लाव जोर. असा. शाबास. झालं, आलं, आलंच."

खिडकीवरच्या चादरीतून चारचं ऊन आत आलं होतं आणि बदकीची पांढरी पिसं पिवळसर दिसत होती. ती पूर्ण ताठ झाली. चोच उघडली, पण आवाज आला नाही. मागे आधी एक फिकट, निळसर पांढरं टोक दिसलं, रुपयाएवढं. ते आत गेलं. पुन्हा दिसलं, मोठं. पुन्हा आत गेलं. तिसऱ्या वेळी ते आत गेलं नाही. ते वाढत गेलं, वाढतच गेलं, इतक्याशा जिवातून इतकं मोठं कसं येईल असं वाटेपर्यंत, आणि मग एकदम, ओलं, रक्ताची एक बारीक रेघ असलेलं, मायच्या तळव्यात आलं.

मायने ते पाहिलंसुद्धा नाही. माझ्या हातात दिलं आणि बदकीकडे वळली. तिने मागची बाजू उजेडात धरून तपासली. थोडं लाल मांस बाहेर दिसत होतं, ते ओल्या स्वच्छ कापडाने हळूच आत सारलं, थोडा वेळ धरून ठेवलं. पोटावर हात फिरवून पाहिला, आत आणखी काही राहिलं नाही ना म्हणून. मगच ती मागे टेकली.

मी अंडं धरून बसले होते. ते गरम होतं, माझ्या हातापेक्षा गरम. नेहमीच्या अंड्यापेक्षा दीडपट मोठं, आणि कवच गुळगुळीत नव्हतं. एका बाजूला बारीक सुरकुत्या होत्या, जणू आत थांबून थांबून तेही थकलं होतं. मला ते खाली ठेवायची हिंमत होईना. मी शिकवते ते सगळं मला ठाऊक होतं, कवच कशाचं बनतं, किती तासांत बनतं. त्यातलं काहीही तेव्हा उपयोगाचं नव्हतं.

बदकी काही वेळ तशीच उभी राहिली. मग तिने अंग झाडलं, मानेपासून शेपटीपर्यंत, आणि आडवी झाली. म्हणजे पुन्हा बदकासारखी उभी राहिली. टपापाशी चालत गेली आणि पाणी प्यायली. चोच बुडवून, मान वर करून, पुन्हा बुडवून. खूप वेळ प्यायली.

मायचे डोळे ओले होते. मी पाहतेय हे लक्षात आल्यावर ती म्हणाली, "चाय ठेव. अन या खेपेस उतू नोको घालवू."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर सकाळीच आले. बदकीला तपासलं, एक इंजेक्शन दिलं, अंडं हातात घेऊन फिरवून पाहिलं. "हे कोणी काढलं?"

"काढलं नाई," माय दिवाणावरून म्हणाली. "तिनंच देलं. आमी बसलो होतो."

मी त्यांना मायच्या नोकरीचं सांगितलं. ते खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. गाय अडली तर ते किती थांबतात, वासरू उलटं असलं तर काय करतात, म्हशीला किती वेळ देतात, माय विचारत होती. ते सांगत होते, आणि मग तेही विचारायला लागले. पाय आधी आले तर तुम्ही काय करायच्या? हॉस्पिटल लांब असलं की? माय हवेत हात धरून दाखवत होती, अंगठा इथं, दोन बोटं अशी, आणि तो तरुण माणूस आपलेही हात तसेच हवेत धरून पाहत होता. चहा गार झाला. मी दारात उभी राहून ऐकत होते. शाळेला अर्धी सुट्टी टाकली.

निघताना ते मायला म्हणाले, "कधी अडचण आली तर तुम्हाला फोन करू का?"

"फोनवर मले ऐकू नाई येत," माय म्हणाली. "गाडी पाठवजा."

त्यांनी खरोखरच एकदा पाठवली, उन्हाळ्यात, एका शेळीसाठी. ती निराळी गोष्ट आहे. बदकीने होळीपर्यंत अंडं दिलं नाही. डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी तिच्या दाण्यात अंड्याची टरफलं कुटून घालू लागले, आणि संध्याकाळी खोकं लवकर झाकू लागले, उजेड कमी मिळाला की बदक अंडी थांबवतं म्हणून. नंतर दिली ती अंडी लहान, गुळगुळीत, सरळ होती. मायचं आणि तिचं अजूनही पटत नाही. ओट्यावर घाण दिसली की काठी आपटलीच म्हणून समजा. फक्त आता बदकी अंड्यावर आली की माय मला बोलावते. तिने पाटावर बसून हात ठेवलेला असतो, आणि मी शेजारी बसते. ती माझा हात धरून योग्य जागी नेते, आणि मी तो ठेवते, जितका हलका मला ठेवता येतो तितका.